गाऱ्हाण्याची फाईल

धोंडूच्या घरात पाऊल टाकलं की पहिली शिवी मला मिळायची. "मेल्या माणक्या, इलंस? चपला भायर काढ, आणि तुझो तालपण थंयच ठेव." मी गेली चाळीस वर्षं आमच्या भजन मंडळात पखवाज वाजवतो आणि एकदाही ताल सोडलेला नाही. हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण धोंडू अजून हयात आहे आणि त्याला वाचता येतं.

ही शिवी तो तोंडाने देत नसे. तोंडाने त्याला काहीच बोलता येत नाही. गळ्यातल्या कॅन्सरपायी डॉक्टरांनी त्याची आवाजाची पेटीच काढली, आणि आता गळ्याला पाडलेल्या भोकातून तो श्वास घेतो. शिवी यायची ती टेबलावरच्या कॉम्प्युटरमधून. धोंडू एक बटण दाबायचा, स्पीकरमधून त्याचाच जुना, खर्जातला, तंबाखूने भाजलेला आवाज यायचा, आणि हा गडी मिशीतल्या मिशीत हसत बसायचा.

ही करामत त्याच्या मुलाची, सर्वेशची. सर्वेश मालवाहू जहाजावर इलेक्ट्रिशियन आहे, पण कॉम्प्युटरचा नाद पहिल्यापासून. ऑपरेशनच्या आधी तो सुट्टी घेऊन आला आणि बापाला खोलीत कोंडून त्याचं बोलणं मोबाईलवर भरून घेतलं. मग घरच्याच कॉम्प्युटरवर त्याचा एक छोटा प्रोग्राम बनवला, नाव दिलं 'आप्पांचा आवाज'. कॉम्प्युटरवर काहीही चालू असो, ठरलेलं बटण दाबलं की ठरलेलं वाक्य. बटणांवर चित्रं चिकटवली होती. कपाचं चित्र दाबलं की "श्वेता, च्याय ठेव गो चेडवा." पंख्याचं दाबलं की "फॅन बंद कर, थंडी वाजता." माझ्या बटणावर भोपळ्याचं चित्र होतं. ते कोणी सुचवलं हे मला कळलेलं आहे.

आणि सगळ्यात शेवटचं, लाल बटण गाऱ्हाण्याचं.

गाऱ्हाणं म्हणजे काय हे आमच्या मालवणकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगतो. देवाची आरती झाली की जाणता माणूस पुढे होतो, हात जोडतो आणि सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलतो. त्यात विनवणी असते, तक्रार असते, थोडी दमदाटीही असते. एकेक वाक्य संपलं की मागे उभे असलेले सगळे एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" तुमच्या पोराची परीक्षा, तुमच्या सुनेचं बाळंतपण, सगळं त्यात येतं. गाव सोडून आधी गिरणीत आणि मग गिरण्या गेल्यावर कांदिवलीच्या या टेकडीवर आलो, चाळीची बिल्डिंग झाली, तरी आमचं गाऱ्हाणं सुटलं नाही. आणि ते घालायचं धोंडूने. घालणारा जिवंत असताना दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही, ही आमच्या वाडीची रीत.

धोंडूची स्वतःची आणखी एक रीत होती. गाऱ्हाणं चालू असताना कोणी मोबाईल काढला की तो तिथेच थांबायचा. "देवाक हात जोडतंस की तेचो फोटो काढतंस?" असं सगळ्यांसमोर विचारायचा. त्यामुळे एवढ्या वर्षांत एकाही माणसाने त्याचं गाऱ्हाणं भरून घेतलं नाही. भजनाचे व्हिडिओ ढीगभर आहेत, पण त्यात धोंडू कोरसमध्ये, आणि कोरसमधून एका माणसाचा आवाज वेगळा काढणं म्हणजे आमटीतून मीठ वेगळं काढणं. तो वापरायचा तोही साधा बटणांचा फोन. म्हणजे त्याचा आवाज जगात राहिला तो एकाच ठिकाणी, त्या प्रोग्रामात.

गाऱ्हाणं भरलं त्या संध्याकाळी मी तिथे होतो. दुसऱ्या दिवशी त्याला दाखल व्हायचं होतं. धोंडू भिंतीवरच्या गणपतीच्या तसबिरीसमोर उभा राहिला, एक वाक्य बोलला आणि गप्प झाला.

"आप्पा, बोला ना पुढे," सर्वेश म्हणाला.

"अरे, लोक व्हय म्हाराजा म्हणतले मां? तेंका जागा नको?"

आणि त्याने खरंच प्रत्येक वाक्यापुढे आमच्यासाठी जागा सोडली. खोलीत आम्ही तिघंच, पण तो थांबायचा तेव्हा मागे पन्नास माणसं उभी असल्यासारखा थांबायचा. शेवटी नेहमीचं सगळं संपल्यावर त्याने एक नवं वाक्य घातलं, जे आधी कधी ऐकलं नव्हतं. "काय नेवचा आसात ता माझा ने, म्हाराजा. पोरांच्या ताटात हात घालू नको." परत जागा सोडली. मग मान हलवली, झालं म्हणून.

त्यानंतर दोन गणपती त्या लाल बटणावर झाले. पहिल्या वर्षी स्पीकरमधून "बा देवा म्हाराजा" आलं तेव्हा बायका तर रडल्याच, पण आमच्यातले बाप्येही एकमेकांकडे बघेनात. आणि त्याने सोडलेल्या जागांत आम्ही बरोबर बसलो. शेवटच्या वाक्यालाही सगळ्यांनी दणकून व्हय म्हाराजा म्हटलं. मीही म्हटलं.

यंदा श्रावणात एका सकाळी मी नेहमीप्रमाणे गेलो. धोंडूने मला बघून भोपळा दाबला. आवाज आला नाही. त्याने पुन्हा दाबला. मग कप दाबला, पंखा दाबला. मला वाटलं स्पीकरची वायर निघाली, म्हणून मी टेबलामागे वाकलो, तर धोंडूने माझी कॉलर धरून मला पडद्यासमोर ओढलं.

पडद्यावर लाल चौकोन होता. सर्वेशने बापासाठी सगळं मराठीत लावून ठेवलं होतं, म्हणून वाचता आलं. 'धोका सापडला. फाईल बाजूला काढून बंद केली आहे.' खाली त्या धोक्याचं नाव, 'आप्पांचा आवाज'. त्याखाली दोन पर्याय. 'परत आणा' हा फिकट, दाबला तरी न दबणारा. आणि 'कायमची काढून टाका' हा ठसठशीत.

"आप्पा, कशालाही हात लावू नका!" श्वेता स्वयंपाकघरातून ओले हात घेऊनच धावत आली.

श्वेता ही धोंडूची मुलगी. आई गेल्यापासून घर तीच चालवते. एका कंपनीसाठी हॉस्पिटलांची बिलं तपासायचं काम घरी बसून करते, याच कॉम्प्युटरवर. घरात दुसरा ठेवायला जागा कुठे आहे? कंपनीने आदल्या दिवशी सगळ्यांना नवा अँटिव्हायरस घालायला लावला होता. वॉचमन बदलला की जुन्या भाडेकरूलाही गेटवर अडवतो, तसं झालं.

"घाबरू नका," श्वेता म्हणाली. "आपल्याकडे दुसरी कॉपी आहे ना."

ती देव्हाऱ्याकडे गेली. गणपतीच्या मागून तिने लाल फडक्याची पुरचुंडी काढली. जहाजावर जाताना सर्वेश सांगून गेला होता, की या पेनड्राइव्हमध्ये सगळं आहे, घरातल्या सगळ्यात सुरक्षित जागी ठेवा. धोंडूने तो देव्हाऱ्यात ठेवला. आणि देव्हाऱ्यात ठेवलेल्या वस्तूला आंघोळ न घालता, हळदकुंकू न वाहता कसं ठेवायचं? रोज देवांबरोबर त्यालाही पळीभर पाणी, चिमूटभर कुंकू. श्वेताने फडकं सोडलं तेव्हा आत हिरवा गंज आणि कुंकवाचा राप एवढंच उरलं होतं.

हसू नका. तुम्ही तुमच्या घरातली सगळ्यात मोलाची वस्तू कुठे ठेवली असती ते आधी सांगा.

श्वेताने धवलला बोलावलं. आकुर्ली रोडला त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, गुजराती पोरगा, जन्म इथलाच. त्याने पेनड्राइव्ह उघडून स्पिरिटने पुसला, लावून बघितला, परत पुसला.

"हा गेला काका," तो म्हणाला. "आतपर्यंत खाल्लाय पाण्याने."

सर्वेशच्या मोबाईलवर मूळ आवाज असणार, असं मी म्हटलं. श्वेताने मान हलवली. तो मोबाईल पहिल्याच सफरीत बंदरावर शिडी चढताना समुद्रात पडला होता. म्हणजे उरली ती एकच फाईल, त्या लाल चौकोनाच्या आत.

"मग तो अँटिव्हायरसच बंद करून टाक ना रे," मी म्हटलं. "कशाला लाड करायचे त्या मेल्याचे!"

"हेच नाय करायचं काका," धवल म्हणाला. "बघा, लोक दोन गोष्टी करतात. कोणी घाबरतो आणि फाईल उडवतो. कोणी भडकतो आणि अँटिव्हायरसच बंद करतो, मग खरा चोर येतो आत. इथे पेशंट लोकांची बिलं आहेत. काय झालं तर श्वेतादीदी लटकेल ना."

"पण ही फाईल चोर आहे का? हा धोंडू आहे!"

"चोर नाय हो. पण चालते चोरासारखी. कुठलं बटण दाबलं ते ही सारखी बघत असते, बरोबर? पासवर्ड चोरणारे पण तेच करतात. वर बनवणाऱ्याचं नाव नाय, शिक्का नाय. त्याने पकडली, त्याची काय चूक?" मग तो धोंडूकडे वळला आणि मोठ्याने, सावकाश बोलला, जणू धोंडूचे कानही गेलेत. "आप्पा, फाईल मेली नाय. आत कुलपात आहे. बिघडत नाय, हलत नाय. फक्त कोणी काही दाबायचं नाय. आपण अँटिव्हायरसवाल्यांना कळवू, ते तपासतील, चांगली आहे बोलतील. मग तेवढी एकच फाईल बाहेर काढायची. कळलं ना?"

धोंडूने मान डोलावली. 'परत आणा' फिकट का, तर त्याची किल्ली श्वेताच्या कंपनीकडे होती. श्वेताने कंपनीला लिहिलं, कंपनीने अँटिव्हायरसवाल्यांना, आणि आम्ही वाट बघत बसलो. गणपती जवळ येत होते.

त्या दिवसांत मला त्या घरात जाववेना, आणि गेल्याशिवाय राहवेना. धोंडू श्वेताला हाक मारायला स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायचा. चाळीस वर्षं ज्याच्या एका हाकेला अख्खी चाळ जागी व्हायची, तो माणूस चमचा वाजवत होता. मला त्या चमच्याचा राग यायचा, अँटिव्हायरसचा यायचा, देव्हाऱ्यातल्या पाण्याचा यायचा. आजारपणात आणलेली पाटी त्याने पुन्हा बाहेर काढली होती. मी आलो की तो त्यावर 'मेल्या' एवढंच लिहायचा आणि माझ्यासमोर धरायचा. मी हसायचो. पण लिहिलेली शिवी लागत नाही हो.

एकदा श्वेता चहा देताना अचानक म्हणाली, "माणिककाका, आप्पा 'गो चेडवा' म्हणताना 'गो' लांबवायचे ना? की आधी थांबायचे? रोज ऐकायचे मी, आणि आता कानात नीट येतच नाहीये."

मी धोंडूसारखं बोलून दाखवलं. माझा आवाज पातळ, त्यात खोकला आला. श्वेता आधी हसली, मग तिने कप तसाच ठेवला आणि आत जाऊन नळ सोडला. नळ बराच वेळ चालू होता.

त्याच आठवड्यात तिच्या ऑफिसातल्या वरच्या बाईंचा, शर्मिष्ठा मॅडमचा, फोन आला. मी आणि धोंडू बाहेरच्या खोलीत मटकी निवडत बसलो होतो. श्वेताचे हात पिठात होते, म्हणून तिने फोन ओट्यावर ठेवून मोठ्याने लावला.

"श्वेता, मेन ऑफिसला तुझं मशीन अजून लाल दिसतंय गं. आज शेवटचं सांगितलंय त्यांनी. शुक्रवारपर्यंत हिरवं झालं नाही तर तुझं लॉगिन बंद."

"मॅडम, ती फाईल तपासायला गेलीये. उत्तर येईल ना."

"कधी येईल?"

"माहीत नाही."

"मग आत्ता डिलीट कर, नंतर बघू."

"नंतर काय बघणार मॅडम? दुसरी कॉपी नाहीये. माझ्या वडिलांचा आवाज आहे तो."

मग त्या बाई हळू आवाजात म्हणाल्या, "मला कळतंय गं. खरंच कळतंय. पण वरचे ऐकत नाहीत. गेल्या महिन्यात अपूर्वाचं काय झालं बघितलंस ना? एक पेनड्राइव्ह लावला म्हणून घरी बसवली तिला. तुझी नोकरी गेली तर घराचं काय?"

"मी डिलीट करणार नाही," श्वेता म्हणाली. "शुक्रवारी काय व्हायचं ते होऊ दे."

मी धोंडूकडे बघितलं. तो मटकीतून खडे काढत होता. एक खडा चिमटीत धरून तो नुसता बसून राहिला होता.

श्वेता हात धुऊन बाहेर आली. "आप्पा, तुम्ही काही मनाला लावून घेऊ नका. मी धवलकडे जाऊन येते. त्याच्याकडे जुना लॅपटॉप आहे, त्यावर ऑफिसचं काम हलवता येतं का बघते. म्हणजे हा कॉम्प्युटर नुसता तुमचा. झंझटच नको." जाताना तिने दारातून वळून सांगितलं, "काही दाबू नका हं." मीही माझी औषधं घ्यायची म्हणून तिच्याबरोबर खाली उतरलो.

धवलने लगेच लॅपटॉप काढून दिला. एक बिजागर सैल होतं, बाकी ठणठणीत. अँटिव्हायरस त्यावर नव्याने घालून मिळेल म्हणाला, आणि कंपनीने नवं मशीन मान्य केलं की या कॉम्प्युटरला कोणी हात लावणार नाही. श्वेताचा चेहरा किती दिवसांनी सुटला होता. येताना तिने रस्त्यावर थांबून आप्पांसाठी शहाळं घेतलं. लॅपटॉपची पिशवी मी धरली होती आणि जिना चढताना ती मला सांगत होती, गणपतीला लाल बटणावर नवं चित्र चिकटवू या, जुनं झिजलंय.

धोंडू देव्हाऱ्यासमोर बसला होता. मांडीवर पाटी. कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा लाल चौकोन नव्हता. तिथे हिरवी खूण होती आणि खाली लिहिलं होतं, 'सर्व सुरक्षित आहे.'

पाटीवर लिहिलं होतं, 'काढलंय. तुझा काम चालू कर.'

श्वेताने शहाळं खाली ठेवलं. ती पडद्याजवळ गेली, माऊस इकडे हलवला, तिकडे हलवला. जिथे फाईल कुलपात असल्याचं दिसायचं ती जागा उघडली. रिकामी होती.

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला?" ती म्हणाली. बापाशी आवाज चढवून बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. "बोला ना! कोणी सांगितलं होतं? मी करत होते ना काहीतरी? आणलाय मी लॅपटॉप, हा बघा!" तिने माझ्या हातातली पिशवी ओढली. "तुमचा एकट्याचा होता का तो आवाज? सर्वेशचा नव्हता? माझा नव्हता?"

धोंडूने तळहाताने पाटी पुसली. मग लिहिलं, 'माका आता काय बोलूचा आसा.'

मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली. खरं सांगतो. मी म्हटलं, "धोंड्या, तू गाढव आसस." त्याने माझ्याकडे बघितलं, आणि त्याचं बोट आपोआप टेबलाकडे, त्या भोपळ्याकडे गेलं. मग त्याने हात मागे घेतला.

धवल दुकान बंद करून आला, दुसऱ्या दिवशीही आला. काढून टाकलेलं परत खेचायचे जे काही प्रोग्राम असतात ते त्याने सगळे लावून बघितले. काही सापडलं नाही. जाताना त्याने शहाण्यासारखं काही सांगितलं नाही, नुसते धोंडूच्या पायांना हात लावले.

शुक्रवारी उत्तर आलं. श्वेता मला जिन्यात भेटली, तिथेच तिने मोबाईल उघडून वाचून दाखवलं. फाईल तपासली, तपासणीसाठी आलेली प्रत नियमाप्रमाणे पुसून टाकली. तीत कसलाही धोका नाही. ती चुकून पकडली गेली होती, पुढच्या सुधारणेत ही चूक होणार नाही. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. आता आपण फाईल परत आणू शकता.

"परत आणू शकता म्हणे," श्वेता म्हणाली. "आप्पांना सांगू नका काका. त्यांना वाटू दे ती वाईट होती."

मी सांगितलं नाही. पण धोंडूला ती वाईट वाटली म्हणून त्याने काढली, असं मला कधीच वाटलं नाही. धवल समोर बसून ओरडून ओरडून सांगत होता, फाईल चांगली आहे, आणि याचे कान शाबूत होते. त्याला नीट कळत होतं आपण काय दाबतोय ते.

सर्वेशचा फोन आठवड्याने आला, कुठल्याशा बंदरावरून, चित्रासकट. श्वेताने त्याला आधीच लिहिलं होतं. धोंडूने पाटी धरली, 'जेवलंस?' सर्वेशने होकाराची मान हलवली आणि तोंड फिरवलं. मागे नुसता समुद्र दिसत राहिला.

मग गणपती आले. जे गावी जाऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी आमच्या बिल्डिंगच्या हॉलमध्ये मंडळाचा गणपती बसतो. आरती झाली, देवे म्हणजे मंत्रपुष्पांजली म्हणून झाली, आणि गाऱ्हाण्याची वेळ आली. स्पीकर कोपऱ्यात होता, पण त्याला या वर्षी कोणी वायर जोडली नव्हती. दोघांतिघांनी माझ्याकडे बघितलं. "माणिकदा, तुमी घाला गाऱ्हाणा. तुमका पाठ आसा."

पाठ होतं, शब्द न् शब्द. पण मी पखवाजापुढून उठलो नाही. "घालणारो जिवंत आसा," मी म्हटलं. माझा आवाज जरा चढलाच.

तेव्हा धोंडू उठला. गळ्याभोवतीचा रुमाल नीट केला, गणपतीसमोर जाऊन उभा राहिला आणि हात जोडले. त्याचे ओठ हलू लागले. आवाज काही नाही, गळ्यातून श्वासाची नुसती सुरसुर. लोकांना कळेना कधी काय म्हणायचं. एक पोर हसलं, त्याच्या आईने त्याला दाबलं.

मी बाजूला बसलो होतो, मला त्याचा चेहरा दिसत होता. बा देवा म्हाराजा, गावच्या रवळनाथा, आज तुझी लेकरां मुंबैत तुझ्यासमोर हात जोडून उभी आसत. इथे तो थांबला. मी डाव्या हाताची थाप दिली. एक क्षण गेला, आणि मग मागून आलं, "व्हय म्हाराजा!"

धोंडूने मागे बघितलं नाही, पण त्याचे खांदे सैल झाले. पुढचं वाक्य. थांबला. थाप. "व्हय म्हाराजा!" लोकांना लय सापडली. कोणाच्या हातसून काय चुकला माकला आसात तर पदरात घे. थाप. परमुलखात गेलेल्या पोरांका सांबाळ. थाप. माझ्या कानात त्याचा आवाज येत होता की मी तो मनाने घालत होतो, ते मला सांगता येणार नाही. एकाही जागी माझी थाप चुकली नाही.

मग ते शेवटचं वाक्य आलं. काय नेवचा आसात ता माझा ने, म्हाराजा. पोरांच्या ताटात हात घालू नको. मी त्याच्या ओठांवर ते अख्खं वाचलं. तो थांबला. माझा हात वर होता आणि खाली येईना.

हॉलमध्ये लोक थापेची वाट बघत होते. धोंडू हात जोडून तसाच उभा होता, आमच्यासाठी जागा सोडून. दोन वर्षांपूर्वी याच वाक्याला आम्ही सगळे दणकून व्हय म्हणालो होतो. मग तो वळला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, बायकांच्या रांगेत श्वेता उभी होती तिच्याकडे बघितलं.

श्वेताने नकाराची मान हलवली. तिचे डोळे वाहत होते. धोंडू बघत राहिला. उत्तर मिळाल्याशिवाय गाऱ्हाणं संपत नाही आणि देवापुढून हलता येत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. तो तिथे उभा राहिला असता, पाय थकेपर्यंत.

"व्हय म्हाराजा," श्वेता एकटीच म्हणाली.

मग मी हात खाली आणला. धोंडूने देवाला नमस्कार केला, माझ्या शेजारी येऊन बसला, आणि प्रसाद वाटायला सुरुवात झाली.